पिंकहॅमबाईंची बाटली

यंदाच्या स्मरणिकेसाठी “बायकांच्या उपयोगाचे काहीतरी लिहा” असे चिटणीसबाईंनी सांगितले. पाककृती व विणकाम यांवर लिहिणाऱ्या भगिनी आपल्याकडे पुष्कळ आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण जुन्या गोष्टी वाचण्याची मला आवड आहे. सध्या माझे वयच असे, की पाळी जाण्याच्या वेळच्या औषधांचा इतिहास शोधावासा वाटला. इंग्रजी मजकुराचा अर्थ थोरल्या लेकीने सांगितला. मते मात्र माझी आहेत.

एकाएकी अंगातून वाफा निघतात, मध्यरात्री पोलके घामाने भिजते, झोप उडते, उगीच रडू येते. हे आपण घरात कोणाजवळ बोलत नाही. मग शेजारीण हळूच एखादी बाटली आणून देते आणि म्हणते, “अगदी झाडपाल्याचे आहे हो, नैसर्गिक!” आपल्या मंडळातही अशा बाटल्या हातोहात फिरतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुश्रुताने पाळी बाराव्या वर्षी येते व पन्नाशीला जाते असे सांगून ठेवले आहे. तो याला व्याधी म्हणत नाही, शरीर पिकण्याचा क्रम म्हणतो. युरोपात ‘मेनोपॉज’ हे नाव द गार्दान या फ्रेंच डॉक्टराने १८२१ साली रूढ केले. पुढे या नावावर मोठा बाजार उभा राहिला, आणि त्यात सर्वांत गाजली एक बाईच.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतात लिन नावाचे गाव आहे. तेथे लिडिया पिंकहॅम या बाई राहत. गुलामगिरीविरुद्ध काम करणाऱ्या घरातल्या, शिकलेल्या, चार मुलांची आई. मुळ्या उकळून त्या काढा करीत व शेजारणींना फुकट देत. १८७३ च्या मंदीत यजमान बुडाले, घरात पैसा उरला नाही, तेव्हा १८७५ पासून तोच काढा एक डॉलरला बाटली या भावाने विकायला काढला. स्वयंपाकघरातल्या चुलीवर उकळायचा, मुलांनी गावोगाव हस्तपत्रके वाटायची. त्यात काय होते? ब्लॅक कोहॉश नावाची तिकडची मुळी, आणखी दोनतीन रानमुळ्या, आणि भगिनींनो, आपली मेथी! डिंकाच्या लाडवांत आपण घालतो तीच.

या बाईंना सरसकट लबाड म्हणायला माझे मन घेत नाही. १८७२ साली बॅटी नावाच्या अमेरिकन डॉक्टराने बायकांच्या नाना तक्रारींवर बीजकोश कापून काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली होती, आणि तिच्यात कित्येक जणी दगावल्या. त्यापुढे काढ्याची बाटली कोणीही पत्करील. शिवाय बाई लिहीत, “मला पत्र पाठवा,” आणि पत्राला खरोखर उत्तर येई. जे डॉक्टरापुढे बोलता येत नव्हते ते हजारो बायकांनी त्यांना लिहिले.

पण त्या बाटलीत शंभर भागांत सुमारे अठरा भाग मद्यार्क होता. काढा टिकावा म्हणून, असे सांगत. गंमत अशी की बाई स्वतः दारूबंदीच्या पुरस्कर्त्या! दारूला शिवणार नाहीत अशा सोवळ्या बायका चमच्या-चमच्याने ती घेत व “बरे वाटते” म्हणत. १९०६ च्या कायद्याने बाटलीवर मद्याचे प्रमाण छापावे लागले.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. लिडियाबाई १८८३ साली वारल्या. जाहिराती मात्र “मिसेस पिंकहॅमना लिहा” असेच सांगत राहिल्या. १९०५ साली ‘लेडीज होम जर्नल’ मासिकाने त्यांच्या थडग्याचे छायाचित्रच छापले. कंपनी म्हणाली, उत्तरे सूनबाई देतात, आणि त्याही मिसेस पिंकहॅमच! सासूच्या नावावर सुनेने संसार चालवावा तसे हे झाले.

त्यानंतर शास्त्राचा काळ आला. १९४२ साली गाभण घोड्यांच्या मुतापासून काढलेले इस्ट्रोजेन अमेरिकेत गोळ्यांच्या रूपात विक्रीस आले. (घोडीचे मूत तरी कमी नैसर्गिक कसे म्हणावे?) १९६६ साली विल्सन नावाच्या डॉक्टराने पुस्तक लिहून, ही गोळी घ्या म्हणजे बाई कायम तरुण राहील असे सांगितले. १९७५ साली कळले की नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. मग त्याला दुसऱ्या हॉर्मोनची जोड दिली. २००२ साली १६,६०८ बायकांवरचा मोठा प्रयोग मध्येच थांबवावा लागला, कारण स्तनाचा कर्करोग व पक्षाघात अधिक दिसले. भीतीने लाखो जणींनी गोळ्या टाकल्या. त्या प्रयोगातल्या बायका सरासरी त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, हे मागाहून लक्षात घेतले गेले. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षे झाली नसताना, त्रास फार असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे औषध बहुतेकींना हितकारक ठरते असे आता मानतात. ज्यांना स्तनाचा कर्करोग झालेला आहे त्यांची गोष्ट निराळी.

गोळ्या टाकल्या तेव्हा झाडपाल्याच्या बाटल्या पुन्हा आल्या. २००६ साली पिंकहॅमबाईंची तीच मुळी ३५१ बायकांत वर्षभर तपासली गेली. खोट्या गोळीपेक्षा तिचा अधिक गुण आला नाही. खोटी गोळी घेणाऱ्यांनाही बरे वाटतेच, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. २०२३ साली उत्तर अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संस्थेने सोयाबीन, मुळ्या, योगासने, सर्व पडताळून सांगितले की वाफांवर यांचा भरवसा धरू नये. वजन उतरवणे आणि मनाला वळण देणारी समुपदेशनाची रीत यांचा उपयोग होतो. मग फिरणे नि आसने सोडावीत का? मुळीच नाही. हाडांना, झोपेला ती हवीतच. सुती पोलके, उशाशी पाण्याचा तांब्या, खिडकी उघडी, यांना तर पैसाही पडत नाही. मेथीचे लाडूही खुशाल खा, पण लाडू म्हणून.

एक गोष्ट मात्र कुठल्याही बाटलीवर सोपवू नका. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा डाग दिसला, अगदी थोडासा का असेना, तर त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंना दाखवा. एकटीने जायला संकोच वाटत असेल तर मला हाक मारा. मी बरोबर येईन.