सोयाबीन चुलीपर्यंत का पोचलं नाही?

बीड जिल्ह्यातल्या शेतकरी घरात सुगीचा माल दोन वाटांनी जातो. एक वाट आडतीची, दुसरी घरातल्या कोठीची. ज्वारी, तूर, हरभरा, मूग यांतला काही भाग वर्षभर खायला म्हणून बाजूला निघतो आणि मग उरलेलं विकलं जातं. कापूस सगळा विकला जातो, कारण तो खायचा नसतो. सोयाबीनही सगळं विकलं जातं. फार तर पुढच्या पेरणीचं बियाणं मागे राहतं. म्हणजे ज्या दाण्यात तुरीपेक्षा जवळजवळ दुप्पट प्रथिनं आहेत, तो दाणा आपण कापसाच्या रांगेत बसवला.

असं का झालं? ‘आपलं पीक नाही, बाहेरून आलं’ हे उत्तर पटकन सुचतं, पण टिकत नाही. मिरची आणि शेंगदाणा दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. आज ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी काढून टाकली तर मराठवाड्याच्या भाकरीसोबत काय उरेल? बाहेरून आलेलं पीक आपलं होऊ शकतं. मिरची आणि शेंगदाणा आपल्याकडे चुलीवर रुळले. सोयाबीन आलं ते तेलगिरणीसाठी.

पण त्याआधी एकदा ते चुलीच्या वाटेने आणायचा प्रयत्नही झाला होता, आणि तो बीडपासून फार लांब झाला नव्हता.

१९३४ च्या डिसेंबरमध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. त्याचं मुख्य ठिकाण वर्ध्याची मगनवाडी. जे. सी. कुमारप्पा तिथे होते, गांधीजी तिथे राहत होते, आणि गरिबाच्या ताटात स्वस्तात पोषण कसं आणायचं यावर रोज प्रयोग चालत. हातसडीचा तांदूळ, गूळ, घाण्याचं तेल, पालेभाज्या अशा यादीत १९३५ साली सोयाबीन आलं. मगनवाडीच्या जेवणात त्याचा वापर सुरू झाला आणि गांधीजींनी त्याबद्दल ‘हरिजन’मध्ये लिहिलं.

त्याच काळात बडोदा संस्थानातही सोयाबीनचा प्रचार चालू होता. महाराज सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांच्या संस्थानात अन्नविषयक पाहणीचं काम बघणारे एफ. एस. काळे यांनी १९३६ साली सोयाबीनवर इंग्रजीत एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात लागवड होती, पोषणमूल्यं होती, सोयाबीनचं दूध आणि दही होतं आणि देशी पद्धतीच्या पाककृतीही होत्या. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. पण वर्धा आणि बडोदा या दोन्ही ठिकाणी मराठी माणसं राबत होती, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

तरीही ते रुजलं नाही. १९४६ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या समितीचा अहवाल आला. भारतीय आहारात सोयाबीन हे आपल्या नेहमीच्या डाळींपेक्षा सरस ठरत नाही, असा त्याचा सूर होता. कागदावर चाळीस टक्के प्रथिनं, आणि ताटात मात्र मूग-हरभऱ्याच्या पुढे नाही. हे कोडं सुटतं ते स्वयंपाकात.

सोयाबीन दिसतं कडधान्यासारखं, पण वागत नाही. तूर शिजून वरण होते, मूग मऊ पडतो, हुलग्याचं कढण होतं. सोयाबीन मात्र भिजवून तासभर उकळलं तरी दाताखाली लागतं, कारण त्यात पिठूळपणा देणारा स्टार्च जवळजवळ नसतोच. त्या जागी १८ ते २० टक्के तेल असतं. दुसरी अडचण वासाची. कच्चा दाणा पाण्यात वाटला की त्यातलं एक एन्झाइम तेलावर काम करायला लागतं आणि हिरवट, उग्र वास सुटतो. तिसरी अडचण पोटाची. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारा घटक असतो. नीट उष्णता दिली नाही तर अंगी लागत नाही. ऑसबोर्न आणि मेंडेल या अमेरिकी संशोधकांनी १९१७ मध्येच हे उंदरांवर दाखवलं होतं: कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नव्हते, शिजवलेल्यावर वाढत होते.

ज्यांनी सोयाबीन पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं, त्या सगळ्यांनी या अडचणींवर आपापला उपाय शोधला होता. कुमाऊँमध्ये काळं सोयाबीन ‘भट’ म्हणून खातात, ते आधी भाजून मग रश्श्यात शिजवतात. सिक्कीममध्ये आंबवून किनेमा करतात, नागालँडमध्ये अखुनी. आणि चीनमध्ये त्याचं दूध काढून ते फाडतात, म्हणजे टोफू. दोन हजार वर्षांपूर्वी लिऊ आन नावाच्या राजपुत्राने टोफू शोधला अशी तिथली दंतकथा आहे. लेखी उल्लेख सापडतो तो दहाव्या शतकातला. तिथून तो जपान, कोरिया, व्हिएतनाम, इंडोनेशियापर्यंत गेला. या सगळ्या देशांत सोयाबीनची ‘डाळ’ कुणी करत बसलं नाही. आपण मात्र त्याला डाळ समजून कुकरमध्ये घातलं आणि ते शिजत नाही म्हणून नाव ठेवलं.

दुसऱ्यांदा सोयाबीन आलं ते वेगळ्या रस्त्याने. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांत अमेरिकी वाणांच्या चाचण्या झाल्या. १९६७ मध्ये सोयाबीनचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला. तरी १९७० च्या सुमारास साऱ्या देशात सोयाबीन होतं जेमतेम ३० हजार हेक्टरवर. आज एकट्या महाराष्ट्रात ते ४० लाख हेक्टरच्या वर आहे.

मधल्या काळात तेलगिरण्या उभ्या राहिल्या. मध्य प्रदेशातल्या माळव्यात काळ्या जमिनी पावसाळ्यात पडीक ठेवून रब्बी घ्यायची रीत होती. त्या पडीक जमिनीत सोयाबीन बसलं. पुढे जबलपूरच्या विद्यापीठाचं ‘जेएस ३३५’ हे वाण आलं आणि सोयाबीन मराठवाड्यातही पसरलं. परभणीच्या विद्यापीठाने ‘एमएयूएस ७१’सारखी स्वतःची वाणं दिली. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ झाली आणि शेजारच्या अंबाजोगाई, केज, परळीच्या शिवारांत खरीप म्हणजे सोयाबीन असं समीकरण होत गेलं.

बीडला ते का मानवलं, याला इथलं एक खास कारण आहे. हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळी झाली की घरंच्या घरं कारखान्याच्या वाटेला लागतात. कापूस जानेवारीपर्यंत वेचावा लागतो, त्याला माणसं गावात हवीत. सोयाबीन नव्वद-शंभर दिवसांत काढणीला येतं, मळणी यंत्रातून काढलं की पोती थेट आडतीवर. कोयता उचलायच्या आधी हातात रोकड येते. ज्वारीसारखी पाखरं राखायला नकोत. हिशेब सरळ होता आणि ज्याने तो केला त्याला दोष देता येत नाही.

पण या हिशेबात चूल नव्हती. गिरणीत १०० किलो सोयाबीन घातलं की साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड. तेलाचा डबा शहरात जातो, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात आणि परदेशात. आपल्या सोयाबीनचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोंबडी आहे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. मग भावही त्यांच्याच बाजारावर हलतो: पेंडीची मागणी, अर्जेंटिना-ब्राझीलमधून येणारं तेल, आयात शुल्क. २०२१ च्या ऑगस्टमध्ये क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलेलं सोयाबीन पुढच्या वर्षांत चार-साडेचार हजारांवर आलं. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये आहे आणि तेवढा हातात पडावा म्हणून खरेदी केंद्राची वाट बघावी लागते. भाव पडला की ज्वारी घरात खाता येते, तूर ठेवता येते. सोयाबीन ठेवून करायचं काय, हा प्रश्न राहतो. शेतकऱ्याची ही एक ताकद सोयाबीनच्या बाबतीत नाहीशी झाली.

शिवाय या पिकाने जागा घेतली ती काही प्रमाणात खाण्याच्या पिकांची. खरिपात मूग-उडीद आणि ज्वारी मागे सरली. तेलाचंही तेच. मराठवाड्याच्या रब्बीत करडई ठरलेली असायची, घाण्यावर जाऊन तेल काढून आणायचं. परभणीने तिचं ‘परभणी कुसुम’ नावाचं वाणही दिलं. आता घरोघरी पिशवीतलं सोयाबीन तेल. आपल्याच शेतातला माल, तेल होऊन दुकानातून परत विकत घेतलेला.

गिरणीतून उरलेलं आणखी एक रूप घरात आलं: सोयावड्या. तेल काढून उरलेल्या पिठाच्या या वड्यांनाच आपण ‘सोयाबीनची भाजी’ म्हणतो. हॉस्टेलवर राहिलेल्या प्रत्येकाला ती ओळखीची आहे. म्हणजे दाणा पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या पोराला सोयाबीनची चव कळते ती कारखान्यातून आलेल्या पाकिटातून.

आता टोफूकडे येऊ. तो जिममध्ये जाणाऱ्यांचा, पुण्या-मुंबईच्या फ्रिजमधला पदार्थ वाटतो. पण तो करायची रीत बघितली तर मराठवाड्यातल्या कुठल्याही आजीला ती निम्मी येते. उन्हाळ्यात कुरडया करताना गहू भिजवतात, वाटतात, फडक्यातून पिळून चीक काढतात आणि चोथा वेगळा करतात. टोफूची सुरुवात हुबेहूब तीच आहे. शेवटही ओळखीचा: श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून चक्का करतो तसा. मधली एकच पायरी नवी, दूध फाडायची.

पाव किलो सोयाबीन घ्या. पेरणीसाठी औषध लावलेलं बियाणं चुकूनही घेऊ नका, साधा धान्याचा माल हवा. रात्रभर भिजवा, सकाळी चोळून सालं काढा. मग दाणे उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाका आणि गरम पाण्यातच वाटा. हिरवट वास घालवायची युक्ती हीच आहे. वासाचं ते एन्झाइम उष्णतेने मरतं. १९६० आणि १९७० च्या दशकांत कॉर्नेल आणि इलिनॉय विद्यापीठांतल्या संशोधकांनी यावर काम केलं. एकूण दोन लिटर पाणी पुरतं. फडक्यातून पिळून निघालेलं दूध ढवळत दहा मिनिटं चांगलं उकळा. लक्ष ठेवा, ते गाईच्या दुधापेक्षा लवकर उतू जातं. गॅस बंद करून पाच मिनिटांनी दोन लिंबांचा रस कपभर पाण्यात मिसळून हळूहळू घाला. हिरवट पिवळं पाणी सुटलं की फडक्यात बांधून वर पाटा किंवा भरलेला तांब्या ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात वडी बसते. चोथा टाकू नका, धपाट्याच्या पिठात तो छान जातो.

नुसती ही वडी फिकी लागते, आणि इथेच बहुतेक लोक तिला सोडून देतात. तिला स्वतःची चव नाही, म्हणून ती आपली चव घेते. बोटभर जाडीचे काप करून फडक्यात दाबून कोरडे करा. ओला काप तव्यावर उकडतो, भाजला जात नाही. मीठ, हळद, ठेचलेला लसूण, लिंबू आणि घरातलं काळं तिखट किंवा येसर लावून अर्धा तास ठेवा. वरून ज्वारीचं पीठ हलकंसं भुरभुरवा. लोखंडी तवा चांगला तापवा, मिळालं तर करडईचं तेल घाला आणि काप ठेवल्यावर चार मिनिटं हात लावू नका. खालची बाजू खरपूस झाली की तो तव्यापासून आपणहून सुटतो. मग उलटा. भाकरीसोबत कांदा घेऊन खा.

हे सांगताना बीडचा शेतकरी घरोघरी टोफू करून श्रीमंत होईल असं मला म्हणायचं नाही. घरात दहा-वीस किलो सोयाबीन ठेवल्याने लातूरचा भाव हलणार नाही. पण हमीभावाने धरलं तरी पाव किलो दाण्याचे तेरा-चौदा रुपये होतात, आणि तेवढ्यात चार जणांच्या घराला एका जेवणाला पुरेल असं प्रथिनांचं कालवण निघतं. पनीरची भाजी लग्नात खाणाऱ्या गावात हे छोटं नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत १९८० च्या दशकापासून सोया दूध आणि ‘सोया पनीर’ करायचं प्रशिक्षण मिळतं आहे. ज्ञान आहे, दाणा आहे, चीक काढणारे हात आहेत.

१९३५ मध्ये मगनवाडीकडे इच्छा होती, पण वास आणि पचन यांचा उलगडा घरोघरी पोचेल असा झाला नव्हता. नंतर शास्त्र आलं तेव्हा सगळी ताकद गिरणीकडे वळलेली होती. या दोन्हींच्या मध्ये राहून गेलेली गोष्ट करायला आता फक्त एक रात्र दाणे भिजत घालावे लागतात. येत्या सुगीला पोती टेम्पोत चढवताना एक पायली खाली उतरवून घ्या. बियाण्याच्या नव्हे, खाण्याच्या कोठीत ठेवा.