गिरणगावची कबड्डी आणि संघबांधणीचा वाद

मुंबईतील काळाचौकी, लालबाग, परळ या गिरणगावात कबड्डी रुजली ती मंडळांच्या मातीवर. पुढे बँका, रेल्वे आणि कंपन्या चांगले खेळाडू हेरून त्यांना नोकरी देऊ लागल्या व त्यातून व्यावसायिक संघ, म्हणजे आस्थापनेच्या नावाने खेळणारे संघ, उभे राहिले, त्यामुळे मंडळाचा हुकमी चढाईपटू कुठे जाणार हा प्रश्न खेळाइतकाच पोटापाण्याचाही होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या खचल्या, कबड्डीची ओढ मात्र टिकली.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग आली आणि तिच्याबरोबर लिलाव, म्हणजे ठरावीक रकमेच्या मर्यादेत खेळाडूंवर बोली लावण्याची पद्धत. या लीगमधील मुंबईच्या संघाला, यू मुंबाला, पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरीत नेणारा आणि २०१५ चे विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार अनुप कुमार २०१८ मध्ये जयपूरच्या संघाकडे गेला. एक कोटी रुपयांना इराणचा फझल अत्राचली आला, प्रशिक्षकही इराणचेच घोलामरेझा माझंदरानी नेमले गेले. अनुपचे जाणे चाहत्यांच्या जिव्हारी लागावे हे स्वाभाविकच. तरीही डावा कोपरा सांभाळत चढाईपटूचा घोटा पकडून त्याला जागीच रोखणाऱ्या फझलभोवती संघ बांधण्याचा निर्णय योग्यच होता. त्या हंगामात यू मुंबाने बाद फेरी गाठली, पण तेथे यूपी योद्धाकडून पराभव पत्करला.