ऑनलाइन संगणक शिक्षणातील इंग्रजी

मद्रास आयआयटीने २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम जाहीर केला. त्याच्या पायाभूत टप्प्यातील ८ विषयांत गणित, संख्याशास्त्र व पायथॉन प्रोग्रॅमिंग यांच्या बरोबरीने इंग्रजीचेही २ विषय आहेत. प्रवेशाच्या पात्रता परीक्षेतही इंग्रजीचा समावेश आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला 'लूप', 'अ‍ॅरे' या संज्ञा सहसा अडवत नाहीत. त्या सर्वांनाच नव्या असतात आणि शिक्षक त्यांची व्याख्या सांगतात. अडवतात ते साधे शब्द. 'अ‍ॅट मोस्ट १०' म्हणजे जास्तीत जास्त १०, यात १० धरायचे. 'लेस दॅन १०' म्हणताच ते वगळायचे. एवढा फरक निसटला, की विचार बरोबर असूनही प्रोग्रॅम चुकतो. आणि ऑनलाइन वर्गात शेजारच्या बाकावरील मित्राला अर्थ विचारण्याची सोय नसते. त्रुटीसंदेशांचेही तसेच. पायथॉनमध्ये चुकीचा प्रकार संदेशाच्या शेवटच्या ओळीत असतो, तर नवशिका बहुधा पहिल्याच ओळीशी झुंजत बसतो.

मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने निराळी वाट धरली. तेथील छोटेखानी ध्वनिचित्रफितींत निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येते, पडद्यावरील मजकूर मात्र इंग्रजीच राहतो. विषय समजण्यास ही योजना उत्तमच. परंतु प्रश्न नेमका वाचणे आणि स्वतःची शंका इंग्रजीत मांडणे हे केवळ ऐकून येत नाही. त्यासाठी विषयाच्या प्रश्नसंचांतील वाक्येच इंग्रजीच्या तासाला घ्यावी लागतात.