शेवटच्या कागदापर्यंत

दत्तक मुलाला घरी आणायला कागद लागतो, हे जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर फारसं कुणाला पटत नसे. आई-बाप गेले की पोर काकाकडे, मामाकडे नाहीतर आजीकडे जायचं. चुलीपाशी जागा मिळाली, भाकरीत वाटा मिळाला की ते त्या घरचं झालं. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या सगळ्यांच्या घरांत मी अशी मुलं वाढलेली पाहिली. माझं आयुष्य जव्हारच्या तहसील कचेरीसमोर अर्जनवीस म्हणून गेलं. त्याआधी तरुणपणी मी ठाण्याला एका वकिलांकडे कारकून होतो. पाड्यावरचं कागदाविना आलेलं मूल आणि ठाण्याच्या कोर्टातून परदेशी जाणारं मूल, ही दोन्ही मी जवळून पाहिली. म्हणूनच दत्तकाच्या कागदाचा इतिहास लिहून ठेवावा, असं फार दिवस मनात होतं.

दत्तकाचा कागद दुसऱ्या सरकारच्या दारात अडकतो, हे महाराष्ट्राला नवं नाही. सातारच्या शहाजीराजांनी 1848 साली मरताना दत्तक घेतला. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो मानला नाही आणि राज्य खालसा केलं. शहाजीराजांचे पदच्युत बंधू प्रतापसिंह महाराज यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गुप्ते त्या वेळी लंडनमध्येच होते. दशकाहून अधिक काळ तिथे अर्ज-विनंत्या करून ते रिकाम्या हातांनी परतले. 1853 मध्ये झाशीच्या गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी इंग्रज अधिकाऱ्यासमक्ष दत्तकविधान केलं, तेही नामंजूर झालं. दुसऱ्या बाजीरावांचे दत्तकपुत्र नानासाहेब यांचा तनखा मागायला अझीमुल्ला खान लंडनला गेले आणि नकार घेऊन आले. होम झाला होता, साक्षीदार हजर होते, मुलगा मांडीवर बसला होता. समुद्रापलीकडची मंजुरी तेवढी आली नाही. राजघराण्यांची ही कथा, मग साध्या माणसाची काय असेल?

साध्या माणसासाठी कायदा आला तो 1956 साली. हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याने हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना दत्तकाचा सरळ मार्ग मिळाला, नोंदणीकृत दत्तकपत्राला न्यायालयात वजन आलं. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात लिहिलं आहे की केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून तसं ठरवत नाही तोवर हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत दहांतली नऊ माणसं अनुसूचित जमातीची. म्हणजे ज्या कायद्यावर पुण्या-मुंबईची कुटुंबं मूल घरी आणत होती, तो घाट चढून आमच्याकडे आलाच नाही. आदिवासी जोडप्याने आपल्या जमातीची रूढी सिद्ध करायची, नाहीतर 1890 चा पालक आणि पाल्य कायदा धरायचा. त्या कायद्याने न्यायालय पालक नेमतं. मुलाचा सांभाळ त्या पालकाकडे येतो, पण मूल त्याचा वारस होत नाही. सज्ञान झाल्यावर ते नातंही संपतं.

ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात मी हेच पाहिलं. तेव्हा पालघर जिल्हा झाला नव्हता. तो 1 ऑगस्ट 2014 ला झाला. त्याआधी जव्हारच्या माणसाला जिल्ह्याच्या कोर्टात जायचं तर पहाटेची एसटी धरून वाडा-भिवंडीमार्गे ठाणं गाठावं लागे. एकदा त्या व्हरांड्यात मोखाड्याकडचं एक वारली जोडपं बसलं होतं. भावाचं पोरगं सांभाळत होते. त्याच बाकावर शेजारी युरोपातून आलेलं एक जोडपं होतं, बाईच्या मांडीवर संस्थेतून आणलेली तान्ही मुलगी. परदेशी माणसांना 1956 चा कायदा लागू नव्हता, म्हणून त्यांचाही अर्ज 1890 च्याच कायद्याखाली होता. दोन्ही जोडप्यांना मूल हवं होतं आणि कायदा दोघांनाही फक्त पालकपण देत होता. वारली बाई मला म्हणाली, “कागद नाय झाला तरी पोर आमचाच हाय.” तिचं खरं होतं. पण पुढे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं आणि जातीच्या दाखल्याला बापाचे पुरावे नाहीत, अशी मुलं माझ्या बाकड्यापर्यंत येत राहिली. प्रत्येकासाठी मी प्रतिज्ञापत्र लिहिलं आणि ते पुरेसं नाही हे मला दर वेळी माहीत होतं.

परदेशी जोडप्यांच्या फायली मात्र वर्षागणिक जाड होत गेल्या. यामागे एक पत्र आहे. परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचे हाल होतात, अशी तक्रार लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहून कळवली. न्यायालयाने ते पत्र 1982 मध्ये याचिका म्हणून घेतलं. न्या. पी. एन. भगवती यांनी 6 फेब्रुवारी 1984 रोजी दिलेला निकाल मी वकिलांच्या कार्यालयात वाचला, आणि आजही मला वाटतं की मुलांच्या बाबतीत इतका काळजीने लिहिलेला मजकूर क्वचित सापडतो. मुलाला आधी भारतातच घर शोधा. परदेशी कुटुंब त्यांच्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच यावं, त्या संस्थेने त्यांच्या घराचा अहवाल द्यावा. मुलाचाही अहवाल तयार व्हावा. मूल देणाऱ्या आईला फेरविचारासाठी तीन महिने द्यावेत. मूल गेल्यावर पहिली दोन वर्षं दर तिमाहीला आणि पुढची तीन वर्षं दर सहामाहीला त्याची हकिकत कळवावी. संस्थांनी मुलामागे पैसा कमवू नये. लोकांना ही कागदांची भिंत वाटली. मला मात्र त्या प्रत्येक पानाआड एकेक मूल दिसायचं, ज्याच्या बाबतीत ते पान लिहायचं राहून गेलं होतं.

न्यायालयाचा आदेश हातात आला तरी मूल घरी पोचलेलं नसे, आणि हाच टप्पा लोकांना ठाऊक नसतो. आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल काढायची. ती घेऊन पासपोर्टचा अर्ज. पासपोर्ट आला की त्या देशाच्या वकिलातीत व्हिसा, त्याआधी वैद्यकीय तपासणी. परदेशी आई-बाप मुंबईत मुक्काम करून बसायचे. काही मुलं तर आई-बापांशिवाय, सोबतीला दिलेल्या माणसाबरोबर विमानाने जायची. आणि तिकडे पोचल्यावर खरं दत्तकविधान पुन्हा त्या देशाच्या न्यायालयात व्हायचं, मग नागरिकत्वाचं काम. भारतातून ते मूल पाल्य म्हणून निघालेलं असे. तिकडचे शेवटचे दोन कागद झाले नाहीत, तर ते कायद्याने तिकडचंही होत नसे.

असं घडलेलं आहे. मुंबईहून 1989 साली अमेरिकेत दत्तक गेलेल्या एका मुलीचं नागरिकत्वाचं काम कधी पूर्णच झालं नाही. मोठेपणी गुन्ह्याच्या एका खटल्यानंतर अमेरिकेने 2008 मध्ये तिला भारतात परत पाठवलं. तिची मुलंबाळं तिकडे, आणि ती अशा देशात जिथली भाषाही तिला येत नव्हती. दाद मागायला ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा अमेरिकेने 2000 साली केला, तो फेब्रुवारी 2001 पासून लागू झाला, पण तेव्हा अठरा पूर्ण झालेल्यांना त्याचा उपयोग नव्हता. शेवटचा कागद राहिला की आयुष्य कुठवर मागे फेकलं जातं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

हेच टाळण्यासाठी पुढचे कायदे झाले. दत्तकाचं काम पाहणारी केंद्रीय संस्था, जिला सगळे ‘कारा’ म्हणतात, ती 1990 मध्ये उभी राहिली. हेगचा 1993 चा आंतरदेशीय दत्तक करार भारतात 1 ऑक्टोबर 2003 पासून लागू झाला. बाल न्याय कायदा 2000 साली आला, 2006 मध्ये दुरुस्त झाला आणि 2015 मध्ये नव्याने लिहिला गेला. आता दत्तकाचा आदेश इथेच होतो आणि मूल त्या घरचं मूल म्हणूनच देश सोडतं. दत्तक आई-बापांच्या नावाचा जन्मदाखला, त्यावरून पासपोर्ट, आणि सगळं कराराप्रमाणे झालं असं सांगणारं काराचं प्रमाणपत्र, जे करारातल्या दुसऱ्या देशाला मानावं लागतं. पूर्वी दोन देशांत दोनदा करावं लागणारं काम आता एकाच आदेशात बांधलं गेलं. आदेश देण्याचं काम 2022 मध्ये न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं, तेव्हा जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रलंबित प्रकरणं न्यायाधीशांनीच पुढे चालवावीत असं सांगितलं. हा वादही मुलाचा वेळ जाऊ नये म्हणूनच महत्त्वाचा.

फाइल कशासाठी जपायची, हे मला काही वर्षांपूर्वी एका बाईने शिकवलं. लहानपणी या भागातून संस्थेत गेलेली आणि तिथून युरोपात दत्तक गेलेली ती मुलगी, आता चाळिशीची, दुभाषी घेऊन जव्हारला आली. हातात तिच्या फायलीच्या झेरॉक्स होत्या. त्यातलं पोलिसांचं मराठी पान तिला कुणी नीट वाचून दाखवलं नव्हतं. जन्मतारीख अंदाजे, डॉक्टरांनी दातांवरून ठरवलेली. आई-बाप अज्ञात. खाली हवालदाराने लिहिलं होतं की मूल गोधडीत गुंडाळलेलं होतं, शेजारी दुधाची बाटली होती. तिने ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. आपल्याला टाकणाऱ्या हातांनी आधी दूध ठेवलं, हे तिला त्या एका सरकारी ओळीतून कळलं. आईचा शोध लागला नाही, आणि जन्मदात्या आईचं नाव झाकून ठेवणं कायद्यालाही मान्य आहे. पण त्या हवालदाराने आळस केला असता तर त्या बाईला एवढंही मिळालं नसतं.

आमच्या भागात अशी नोंद नसलेली मुलं किती गेली, हे 1992-93 च्या वावर-वांगणीने दाखवलं. जव्हार तालुक्यातल्या त्या गावांत कुपोषणाने शंभरावर मुलं दगावली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला आमची नावं कळली. पाड्यावर जन्मलेलं मूल जन्माच्या नोंदीत नाही, मग मृत्यूच्या नोंदीत तरी कसं येणार? दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीवर जगायला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर बाप गेला, आई दुसरीकडे लागली, पोर आजीकडे राहिलं, हे मी दर वर्षी ऐकत आलो. त्या पोराला घर मिळतं, माया मिळते. घराचा कागद मिळत नाही.

आणि आता तो मिळू शकतो, हे मला सांगायचं आहे. बाल न्याय कायदा जात-धर्म-जमात पाहत नाही. कोणत्याही धर्माच्या माणसाला या कायद्याने दत्तक घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलं. काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा यांनी नात्यातलं मूल दत्तक घ्यायची सोय 2015 च्या कायद्यात आहे. अर्ज ऑनलाइन करायचा असतो, मदतीला जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. आई-बाप हयात असतील तर त्यांची संमती आणि नसतील तर बालकल्याण समितीची परवानगी लागते, मग आदेश होतो. परदेशातल्या जोडप्याला जो हक्क मिळतो, तोच मोखाड्याच्या पाड्यावरच्या काकूला मिळतो. ठाण्याच्या त्या बाकावर जे जोडपं पालकपण घेऊन परतलं, त्यांना आज आई-बाप म्हणून परतता आलं असतं.

तेव्हा माझी ग्रामसेवक, अंगणवाडीताई, आश्रमशाळेचे मास्तर आणि माझ्या धंद्यातल्या सगळ्यांना विनंती आहे. नात्यात वाढणारं मूल दिसलं की फक्त शाळेपुरतं प्रतिज्ञापत्र करून देऊ नका. त्या काका-काकूंना दत्तकाचा अर्ज समजावून सांगा, पालघरपर्यंत त्यांच्याबरोबर जा आणि आदेशाची नक्कल, नवा जन्मदाखला, जातीचा दाखला असे सगळे कागद हातात येईपर्यंत मागे लागा. माया त्यांनी केव्हाच दिली आहे. उरलेलं काम आपलं आहे.