उसना आवाज

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही 'मुगल-ए-आझम'मधला शीशमहालाचा प्रसंग बसवत होतो. अनारकलीच्या भूमिकेत आठवीतली एक मुलगी. संवाद तिला तोंडपाठ होते, पण गाण्याची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "सर, गाना मोबाइलपे लगाव. मैं गाई तो लोगां हसेंगे."

परभणीच्या उर्दू शाळेत मी मराठी शिकवतो. मुलांचं हे 'लोगां हसेंगे' मला रोज ऐकू येतं. त्यामुळे सवयीनं 'बरं' म्हणून गेलो. घरी आल्यावर वाटलं, चुकलंच. पडद्यावरचा संगीतपट रंगमंचावर आणताना पहिला प्रश्न हाच असतो : गाणार कोण?

हॉलिवूडचा 'सिंगिंग इन द रेन' (१९५२) याच प्रश्नावर बेतलेला आहे. बोलपट नुकतेच आलेत, बड्या नायिकेचा आवाज कर्कश आहे, म्हणून दुसरीच मुलगी आडून तिच्यासाठी गाते. गंमत म्हणजे त्या आडून गाणाऱ्या मुलीचं काम करणाऱ्या डेबी रेनॉल्ड्सलाही काही ठिकाणी बेटी नॉइजचा आवाज उसना घ्यावा लागला! सिनेमात हे खपतं. १९८३ मध्ये लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहात त्याचं नाटक झालं, तेव्हा मात्र नटांना रोज प्रेक्षकांसमोर नाचायचं आणि गायचंही होतं. प्रत्येक संगीतपटाला हे जमतं असं नाही. 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स' या १९५४ च्या चित्रपटाचं नाटक १९८२ मध्ये ब्रॉडवेवर आलं आणि पाच प्रयोगांत बंद पडलं. त्याच वर्षी त्याच कथेवरचा 'सत्ते पे सत्ता' आपल्याकडे लागला होता.

आता आपल्या 'मुगल-ए-आझम'कडे या. के. आसिफ यांच्या १९६० च्या या चित्रपटात चेहरा मधुबालाचा आणि गळा लताबाईंचा. २०१६ मध्ये फिरोज अब्बास खान यांनी मुंबईच्या एनसीपीएमध्ये तो रंगमंचावर आणला. खरं तर ही घरवापसीच होती, कारण इम्तियाज अली ताज यांनी १९२२ मध्ये लिहिलेल्या 'अनारकली' या उर्दू नाटकातूनच ही कथा सिनेमात गेली होती. खान यांनी नायिकेला ओठ हलवू दिले नाहीत, गाणारीच अनारकली शोधली. नेहा सरगम आणि प्रियांका बर्वे यांनी ही भूमिका केली. प्रियांका म्हणजे गायिका मालती पांडे-बर्वे यांची नात. मराठी घरातली ही मुलगी उर्दू संवाद बोलून, उर्दू गाणी गाऊन अनारकली झाली.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. १८८० च्या किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून आपला संगीत नट स्वतःच गात आला. त्या गाण्यामागे मुस्लिम उस्तादांची तालीमही होती. 'मानापमान'ला (१९११) चाली देणारे गोविंदराव टेंबे अल्लादिया खाँसाहेबांना गुरू मानत. पुढे १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' आलं, तेव्हा खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे उभे राहिले, तेही स्वतःच्या गळ्यानं.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "बेटा, लताबाईंसारखं नको. तुझ्यासारखं गा." तिची भीती फक्त गाण्याची नव्हती, हे मला ठाऊक होतं. मराठीचा धडा वाचतानाही ती अशीच दबकते. गाणं लताबाईंचं, मराठी दुसऱ्या कुणाची, आपण फक्त ओठ हलवायचे, असं कुठंतरी तिच्या मनात बसलंय. तिच्या एकटीच्याच नाही. आणि ते बसवण्यात आम्हा मोठ्यांचाही हात आहे. चुकीच्या उच्चारावर आधी हसतो ते आपणच. उर्दूवाले मराठीला हसतात, मराठीवाले उर्दूला.

संमेलनात ती गायली. पहिल्या ओळीला मागच्या रांगेतले दोन-चार जण हसलेच. तिनं थांबून श्वास घेतला आणि पुढे गाऊ लागली. गाणं संपेपर्यंत मांडवात शांतता होती.

आता ती नववीत आहे. मराठी कविता वाचताना तिचा 'ळ' अजून अडखळतो, पण आवाज पूर्वीसारखा खाली जात नाही.