हत्यार आपले, किल्ली कोणाची?



गिरणगावाचा इतिहास म्हटला की साचे, संप आणि चाळी यांच्याविषयी बोलण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. तो योग्यच आहे. पण इतिहास हा गिरणीच्या भोंग्याबरोबर थांबलेला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि त्या घरांतील पुढच्या पिढ्या मिळेल त्या धंद्यात शिरल्या. शिवडी, परळ, लालबाग या भागांत त्यांपैकी काही मुले वाजवायला जाऊ लागली. आधी बँड, मग बेंजो, आणि आता डीजे. हळदी, आगमने, विसर्जने यांच्या सुपाऱ्यांवर ज्यांची चूल पेटते, ते माझ्या हिशेबी कामगारच होत. म्हणून त्यांच्या हत्याराचा इतिहास हा कामगारांच्या इतिहासाचाच एक भाग होय. त्यांचे हत्यार म्हणजे लॅपटॉपमध्ये बसलेले सॉफ्टवेअर. ते कोणते निवडावे आणि निवडल्यावर किती दिवस धरून ठेवावे, हा प्रश्न ही मुले रोज विचारतात. त्याचे उत्तर जाहिरातीत मिळत नाही. इतिहासात मात्र थोडेफार सापडते.

आरंभ आपल्या शेजारापासूनच करू. हार्बर रेल्वेने शिवडीच्या पुढचे स्टेशन वडाळा. तेथे नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा कारखाना होता. १९३५ पासून तेथे ‘यंग इंडिया’ या नावाच्या ध्वनिमुद्रिका निघत. १९५५ च्या सुमारास कंपनी बंद पडली. परंतु तिची तबकडी आजही कोणाच्या माळ्यावर सापडली, तर ती वाजते. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे देणारे कोणतेही यंत्र तिला चालते. मग ते यंत्र कोणी का केले असेना. कारण तबकडीवरील खाच ही कोणा एकाची मालमत्ता राहिली नव्हती. कारखानदार मेला तरी वस्तू जगली. हा मुद्दा आपण ध्यानात ठेवावा. पुढच्या साऱ्या विवेचनाची कसोटी तीच आहे.

आता जपानकडे वळू. मात्सुशिता कंपनीने १९७२ साली टेक्निक्सची एसएल-१२०० ही तबकडी फिरवण्याची चकती बाजारात आणली. जगभरच्या डीजेंनी तिच्यावर हात बसवला. २०१० साली तिचे उत्पादन बंद झाले आणि २०१६ साली पुन्हा सुरू झाले. मधल्या सहा वर्षांत जुन्या चकत्या निकामी झाल्या काय? मुळीच नाही. तिची मोटर, तिची सुई, तिची तार ही सर्व उघड्यावर होती. कारागीर ती दुरुस्त करू शकत होता.

सॉफ्टवेअर आल्यावर ही स्थिती पालटली. प्रथम त्याचे काम कसे चालते ते समजून घेतले पाहिजे. खऱ्या गाण्याऐवजी तबकडीवर एक ठरावीक संकेतध्वनी कोरलेला असतो. एक छोटी पेटी तो ध्वनी संगणकाला पोहोचवते. तबकडी किती वेगाने आणि कोणत्या दिशेने फिरते, हे सॉफ्टवेअर त्या ध्वनीवरून ओळखते आणि लॅपटॉपमधील गाणे त्याप्रमाणे पुढेमागे नेते. हाताची सवय जुनीच राहते, गाणी मात्र संगणकात येतात. ‘फायनल स्क्रॅच’ हे या पद्धतीचे सुरुवातीचे प्रसिद्ध सॉफ्टवेअर. नेदरलँड्समधील एन-टू-आयटी या कंपनीने ते बीओएस नावाच्या संगणकप्रणालीवर रचले. पण बीओएसची मालक कंपनी २००१ साली विकली गेली. ज्या पायावर घर बांधायचे, तो पायाच सरकला. हत्यार लिनक्सवर न्यावे लागले, स्टँटन कंपनीने ते बाजारात विकले, पुढे जर्मनीच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सशी भागीदारी झाली आणि मोडलीही. नेटिव्हने २००७ साली स्वतःचे ‘ट्रॅक्टर स्क्रॅच’ काढले आणि फायनल स्क्रॅच मागे पडले.

दुसरे उदाहरण न्यूझीलंडचे. ऑकलंडच्या सेराटो कंपनीने अमेरिकेच्या रेन कंपनीबरोबर २००४ साली ‘स्क्रॅच लाइव्ह’ काढले. त्याच्यासोबत एसएल-वन नावाची पेटी मिळे. सॉफ्टवेअर स्थिर होते, पेटी भक्कम होती. ज्यांनी ती घेतली त्यांनी वर्षानुवर्षे वापरली. पुढे सेराटोने ‘सेराटो डीजे’ हे नवे सॉफ्टवेअर आणले आणि २०१५ साली जुन्याचा पाठिंबा संपवला. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एसएल-वन पेटीला जागाच नव्हती. लक्षात घ्या, पेटी बिघडली नव्हती. तिची एकही तार तुटली नव्हती. दूरवरच्या कचेरीत एक निर्णय झाला, आणि नव्या लॅपटॉपच्या दृष्टीने चांगली पेटी मोडीत जमा झाली.

कंपनी जगते तेव्हाही मालक बदलतात. पायोनियरचा डीजे-विभाग २०१५ साली केकेआर या अमेरिकन भांडवलदार संस्थेकडे गेला, २०२० साली नोरित्सु या जपानी कंपनीकडे. आता त्या कंपनीचे नाव अल्फाथीटा आहे. तिचे ‘रेकॉर्डबॉक्स’ २०२० सालच्या सहाव्या आवृत्तीपासून मासिक वर्गणीच्या वाटेने गेले. म्हणजे हत्यार विकत घेण्याऐवजी भाड्याने घेण्याची पद्धत आली. २०२३ साली याच अल्फाथीटाने सेराटो विकत घेण्याचे जाहीर केले. जुलै २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या वाणिज्य आयोगाने, स्पर्धा कमी होईल या कारणास्तव, त्यास परवानगी नाकारली. तेथे आयोग होता म्हणून ते घडले. परंतु शिवडीच्या मुलाला या व्यवहाराची गंधवार्ताही नव्हती, आणि त्याच्या हत्याराचा मालक मात्र बदलू घातला होता.

केवळ सॉफ्टवेअरवाल्यालाच दोष देऊन भागणार नाही. त्याच्या खाली संगणकप्रणाली असते. ऑक्टोबर २०१९ मध्ये ॲपलने आपल्या संगणकांवरून आयट्यून्स काढून टाकले. ज्यांची गाण्यांची यादी त्यावर अवलंबून होती, त्यांना घाईने नवी प्रणाली घेऊ नका असे सांगावे लागले. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुना लॅपटॉप त्या दिवशी बंद पडला असे नाही. पण तो आता स्वतःच्या जबाबदारीवर चालतो.

गिरणीत काय होते, याची येथे तुलना करावी. मुंबईच्या गिरण्यांतील पुष्कळशी यंत्रे लँकेशायरहून आलेली. भाग येण्यास उशीर होई, कधी येतच नसत. परंतु साचा अडला तर जॉबर होता, फिटर होता, गिरणीचे मेकॅनिक खाते होते. भाग घडवून बसवता येई. साचा मालकाचा होता खरा, पण त्याचे ज्ञान कामगाराच्या हातात होते, आणि संपाच्या वेळी त्या हाताला किंमत होती. आज उलट झाले आहे. कंट्रोलर डीजेच्या मालकीचा, कर्ज त्याच्या नावावर, आणि किल्ली परक्या कंपनीच्या खिशात.

मग करावे काय? काहीजण म्हणतात, क्रॅक वापरा. कायद्याची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली तरी हा मार्ग दुबळा आहे. चोरून आणलेल्या हत्यारासाठी कोणाच्या दाराशी गाऱ्हाणे मांडता येत नाही. दुसरा मार्ग ‘मिक्स’चा. २००१ साली ट्यू हास्ते अँडरसन यांनी संशोधनाच्या कामातून सुरू केलेले हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याची रचना सर्वांना खुली आहे. ते कोणी विकत घेऊन बंद करू शकत नाही. मात्र नवा कंट्रोलर त्यात चालण्यासाठी कोणातरी स्वयंसेवकाने कष्ट घ्यावे लागतात. खुलेपणा म्हणजे आयती चाकरी नव्हे; तेथे वर्गणी पैशाची नसून श्रमाची असते.

सारे तोलून पाहता मला असे वाटते की, कोणती कंपनी टिकेल हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. विचारावयाचा प्रश्न हा, की कंपनी गेली तर माझ्याकडे काय उरेल? गाणी एमपीथ्रीत असतील तर ती उरतील. त्या पद्धतीच्या परवान्यांचा व्यवहारसुद्धा फ्रॉनहोफर संस्थेने २०१७ साली संपवला, ती आता वडाळ्याच्या तबकडीवरील खाचेसारखी झाली आहे. परंतु प्रत्येक गाण्यात कोठून उचल घ्यायची याच्या खुणा, तालाच्या रेघा, मंडळांप्रमाणे लावलेल्या याद्या, हे वर्षानुवर्षांचे श्रम प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीने साठवते. ते बाहेर काढण्याची वाट ज्यात आहे, ते निवडावे. जो कंट्रोलर खास ड्रायव्हरवाचून लॅपटॉपला ओळख देतो, तो घ्यावा. आणि एकदा हात बसला की नव्या आवृत्तीच्या मोहाने तो मोडू नये. गणपतीच्या हंगामाआधी काहीही बदलू नये; चालता लॅपटॉप इंटरनेटपासून दूर ठेवावा. हत्याराशी निष्ठा हा अडाणीपणा नाही. हाताचे कसब तयार होण्यास काळ लागतो, आणि ते कसब हीच वाजवणाऱ्याची खरी पुंजी.

शेवटचा मुद्दा संघटनेचा. एकट्या मुलाला सुटी पेटी, जादा लॅपटॉप, परवान्याचे पैसे परवडत नाहीत; दहाजणांना मिळून परवडतात. हंगाम आखूड आहे. रात्री दहानंतरच्या बंदीचे नियम २००० सालापासून आहेत, आणि २०१८ साली उच्च न्यायालयाने विसर्जनात डीजेला अंतरिम परवानगी नाकारली. शेजारच्या आजाऱ्याची झोप मोडणार नाही इतका आवाज ठेवणे हेही आपलेच कर्तव्य आहे. अशा आखूड हंगामात एक रात्र हत्यार अडले तर हप्ता चुकतो. म्हणून दहा पोरांनी एक सामाईक संच ठेवावा, खुणा आणि याद्या बाहेर काढण्याची विद्या एकमेकांना शिकवावी, जुन्या पेट्या दुरुस्त करणारा एकजण आपल्यात तयार करावा. गिरणीतले मेकॅनिक खाते गेले. ते चाळीच्या खोलीत पुन्हा उभे करता येईल. कंपनीच्या दारी आपला आवाज पोहोचेल तो त्यानंतर.