तिजोरी रिकामी होते तेव्हा : सोलापूरच्या जुन्या गिरणीची हकिगत

सटाण्यात तिजोरीविषयी बोलायचे तर आरंभ देवमामलेदारांपासूनच करावा लागतो. १८७०-७१ च्या दुष्काळात यशवंतराव महाराजांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी मोकळा केला, आणि तपासणीच्या वेळी रक्कम जशीच्या तशी भरली, ही कथा येथे घरोघर सांगितली जाते. त्या श्रद्धेला हात लावण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु आयुष्याची तीसएक वर्षे आम्ही कारखान्यांच्या फाटकांवर काढली, आणि तेथील अनुभव असा की, कंपनीची तिजोरी एकदा रिकामी झाली म्हणजे ती आपोआप भरत नाही. कोणाच्या तरी खिशातून भरावी लागते. तो खिसा कोणाचा, हाच आजचा प्रश्न होय.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. मालमत्ता निराळी आणि रोकड निराळी. आपल्या कसमादे भागातल्या शेतकऱ्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. चाळीत कांदा शिगोशीग भरलेला असतो. भाव आला तर लाखाचा, पण आज संध्याकाळी निंदणीच्या बायांची मजुरी द्यायची तर हातात दमडी नसते. अशा वेळी तो पडेल भावाने कांदा काढतो, नाहीतर सावकाराची पायरी चढतो. गिरणीचेही असेच. इमारत, यंत्रे, गोदामातील कापड ही तिची चाळ. कापूस, कोळसा आणि पगार मात्र रोखीने भागवावा लागतो. गिरणी तोट्याने हळूहळू खंगते, पण रोकड संपली म्हणजे एका दिवसात थांबते.

ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे सोलापूरकरांची ‘जुनी गिरणी’, १८७७ मध्ये सुरू झाली. तिच्या भोंग्यावर शहराची घड्याळे लागत. दुसऱ्या महायुद्धात कापडाला सोन्याचा भाव आला, आणि देशातील गिरण्यांनी अमाप नफा मिळवला. युद्ध संपले, फाळणी झाली, सिंध आणि पश्चिम पंजाबातील कापूस परदेशी झाला. ह्या काळात ज्यांनी शिलकीची तजवीज केली नव्हती त्यांची परीक्षा होती. जुन्या गिरणीने २७ जुलै १९४९ रोजी नोटीस लावली, आणि २७ ऑगस्टला फाटक बंद केले. हजारो कामगार रस्त्यावर आले.

त्या वेळी गिरण्यांचा कारभार मॅनेजिंग एजंटांच्या हाती असे. कंपनी भागधारकांची, पण चाव्या एजंटांकडे, आणि कमिशन पुष्कळदा उत्पादनावर वा विक्रीवर. गिरणीला तोटा झाला तरी एजंटाचे ताट रिकामे राहत नसे. ही पद्धत पुढे १९७० मध्ये कायद्याने बंद झाली.

भारत सरकारने ९ जानेवारी १९५० रोजी वटहुकूम काढून ह्या एकाच कंपनीचा कारभार ताब्यात घेतला, आणि त्याच वर्षी संसदेने तसा कायदा केला. गैरव्यवस्था आणि हयगय ह्यांमुळे जीवनावश्यक मालाचे उत्पादन घटले आणि बेकारी ओढवली, असे कारण कायद्यातच नमूद केले होते. एजंट गेले, संचालक सरकारनियुक्त आले. मालक बदलला नाही, कारभारी बदलला.

पण कारभारी बदलला म्हणून रोकड येते काय? आता आकडे पाहू. कंपनीचे वसूल भांडवल ३२ लाख रुपये होते. त्यातले १६ लाख साधारण भागांचे, पूर्ण भरलेले. उरलेले १६ लाख ३२,००० अग्रहक्काच्या भागांचे. हे भाग शंभर रुपयांचे, पण त्यांवर पन्नासच भरलेले. म्हणजे आणखी १६ लाख रुपये भागधारकांनी कबूल केलेले, पण मागितले न गेलेले होते. नव्या संचालकांनी ते पन्नास रुपये मागितले. चुलीवर आधण ठेवले आहे, तेव्हा ज्याने तांदूळ कबूल केले त्याने ते आणावेत, इतकी सरळ ही गोष्ट आम्हांस वाटते.

भागधारकांना ती तशी वाटली नाही. चिरंजीतलाल चौधरी ह्यांनी कायद्यालाच आव्हान दिले. डिसेंबर १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांचा अर्ज फेटाळला. मग द्वारकादास श्रीनिवास ह्यांनी पन्नास रुपयांच्या मागणीविरुद्ध दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयात ते हरले, परंतु डिसेंबर १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. नुकसानभरपाई न देता मालमत्तेवरील ताबा काढून घेतला, म्हणून कायदा घटनाबाह्य ठरला. न्यायालयाला दोष देणे योग्य नव्हे. घटनेत त्या वेळी जे लिहिले होते त्याचा अर्थ त्याने लावला. म्हणूनच १९५५ मध्ये चौथी घटनादुरुस्ती झाली, आणि लोकहितासाठी ठरावीक मुदतीपुरता कारभार ताब्यात घेण्याला संरक्षण मिळाले. गिरणी मात्र वाचली नाही. पुढे ती कायमची बंद पडली.

येथे एक गोष्ट आमच्या मनाला टोचते. भागधारकाकडे पन्नास रुपये मागितले तर तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकला. कामगार महिनाभर आधी राबतो आणि पगार मागून घेतो. म्हणजे प्रत्येक महिन्याला तो कंपनीला उधार देत असतो. पगार थकला की ती उधारी वाढते. ह्या कर्जाचा ठराव होत नाही, तारण मिळत नाही, आणि कामगाराची संमती कोणी विचारीत नाही.

ह्या बाबतीत आमचे हातही स्वच्छ नाहीत. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही युनियनचे काम पाहत होतो. शाळा आमची सातवीपर्यंत. ताळेबंद वाचायला कचेरीच्या बाकावर शिकलो. कागदावर नफा दिसला, म्हणून बोनससाठी भांडलो आणि जिंकलोही. नफा गोदामात आणि उधारीत अडकला आहे, रोकड आटली आहे, हे आम्हांस दिसले नाही. पुढे पगार लांबू लागला तेव्हा ‘धीर धरा’ असे आम्हीच सांगितले. फाटक बंद झाले तेव्हा चार महिन्यांचा पगार थकला होता, आणि कापलेला प्रॉव्हिडंट फंड भरलाच गेला नव्हता. एका वयस्क कामगाराने विचारले, “भाऊ, नफा होता ना? मग पैसा गेला कुठं?” त्याला द्यायला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजचे हे भाषण म्हणजे त्या उत्तराचा उशिरा भरलेला हप्ता समजावा.

कायदा मात्र पुढे सरकला आहे. कंपनी गुंडाळण्याच्या सुनावणीत कामगारांचेही म्हणणे ऐकले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८२ मध्ये ठरवले. १९८५ च्या दुरुस्तीने कामगारांचे देणे तारणवाल्या सावकारांच्या बरोबरीला आणले. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत चोवीस महिन्यांच्या थकीत देण्याला तसेच वरचे स्थान आहे, आणि प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम लिलावाच्या मालमत्तेत धरली जात नाही. परंतु रांगेत पुढे उभे राहणे म्हणजे पैसे मिळणे नव्हे. लिलावात काही उरलेच नाही, तर पहिल्या नंबराचाही माणूस रिकाम्या हातांनी परततो. आपल्या शेजारी दाभाडीचा गिरणा साखर कारखाना बंद पडला आणि विकला गेला. ते दुःख येथे बसलेल्या कित्येकांनी जवळून पाहिले आहे.

म्हणून कारखाना असो, सोसायटी असो, पतपेढी असो, सभासदाने आणि कामगाराने नफ्याच्या आकड्यावर टाळ्या वाजवून घरी जाऊ नये. तीन प्रश्न उभे राहून विचारावेत. येत्या तीन महिन्यांत किती रोकड येणार आणि किती जाणार? गोदामातला माल खरोखर विकला जाण्याजोगा आहे काय? प्रॉव्हिडंट फंडाचे चलन भरले काय? हे प्रश्न विचारणारा माणूस संस्थेचा शत्रू नव्हे. फाटक बंद झाल्यावर घोषणा देणाऱ्या हजारांपेक्षा, ते उघडे असताना हिशेब मागणारे दहा जण आम्हांस अधिक मोलाचे वाटतात.

देवमामलेदारांनी खजिना उघडला तो भुकेल्यांसाठी. आमच्या काळात अनेक तिजोऱ्या रिकाम्या झाल्या, आणि त्यानंतर माणसे भुकेली राहिली. हा क्रम उलटवायचा असेल, तर तिजोरीकडे लक्ष ठेवण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.